दीक्षा डागर, चुकलेले कट आणि आमची डावखुरी

जुळेसोलापूर_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज रविवार आहे, नळाला पाणीही येऊन गेलंय, म्हणून निवांत बसून लिहिते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमची लेक बारा वर्षांची. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तिसऱ्या वर्षी पुण्यात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशननं बसवतात ते यंत्र) झालं, पुढं चार वर्षं स्पीच थेरपी. आता मराठी स्वच्छ बोलते, आजीशी कानडीत भांडते. खेळायची भारी हौस. चौथीत असताना खो-खोच्या सामन्यात शिट्टी तिला ऐकू गेली नाही. सगळ्या थांबल्या, ही पळतच राहिली. खेळाच्या सरांनी तिला बाजूला बसवलं, "उगाच कुठं लागेल" म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन तिनं कानामागचं मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि दोन दिवस लावलं नाही. ती डबी बघितली की अजून पोटात कालवतं.

जानेवारी २०२४ मध्ये अर्जुन पुरस्कारांची बातमी आली. आम्ही ती बघत होतो आपल्या तिरंदाजांसाठी, साताऱ्याच्या अदिती स्वामीसाठी आणि नागपूरच्या ओजस देवतळेसाठी. त्याच यादीत एक नाव होतं, दीक्षा डागर, खेळ गोल्फ. मी सहज शोधलं. हरियाणाची मुलगी, जन्म १४ डिसेंबर २०००, जन्मतः कर्णबधिर आणि डावखुरी. आमचीही डावखुरी! लेकीनं फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

तेव्हापासून आम्ही मायलेकी दीक्षाचा खेळ बघतोय. पेपरात तिचं नाव ती जिंकली तरच येतं, नाहीतर ऑलिंपिक असेल तेव्हा. मी मात्र युरोपच्या महिला टूरचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचे, दर आठवड्याचे निकाल वाचायला लागले, आणि मला तिची खरी मेहनत तिथं दिसली.

तिचा प्रवास थोडक्यात सांगते. २०१७ साली तुर्कीत सामसूनला डेफलिंपिक, म्हणजे कर्णबधिरांचं ऑलिंपिक झालं, त्यात गोल्फ पहिल्यांदाच होता. तिथं तिला रौप्य मिळालं, वय सोळा. २०१९ च्या सुरुवातीला ती प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू झाली. आणि मार्च २०१९ मध्ये केपटाऊनला दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन एका फटक्यानं जिंकली! अठरा वर्षं तीन महिन्यांची होती. युरोपच्या महिला टूरवर जिंकलेली भारताची पहिली अदिती अशोक, २०१६ मध्ये. दुसरी ही, आणि अदितीपेक्षाही लहान वयात.

त्यानंतर टूरवर एकटीचा पुढचा विजय कधी मिळाला असेल? जून २०२३ मध्ये, चेक ओपनला, चार फटक्यांच्या फरकानं. मध्ये चार वर्षं आणि तीन महिने गेले. २०२० मध्ये कोरोनात जग बंद. टोकियो ऑलिंपिकला आधी जागाच नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या एका खेळाडूला कोरोना झाला आणि ऐन वेळी हिला बोलावणं आलं. धावतपळत पोचली, ५० व्या क्रमांकावर राहिली. मे २०२२ मध्ये ब्राझीलला डेफलिंपिकचं सुवर्ण. आणि या सगळ्याच्या मधल्या फटीत कितीतरी आठवडे, कुठं तिसावा क्रमांक, कुठं पंचेचाळिसावा, कुठं कट चुकलेला.

मला त्या चार वर्षांबद्दल बोलायचंय. अठराव्या वर्षी जिंकल्यावर सगळे "उगवता तारा" म्हणतात. मग एकोणिसावं वर्ष असतं, विसावं असतं, आणि सोमवारी सकाळी बॅग भरून दुसऱ्या देशात जायचं असतं. तेव्हा हाताशी काय असतं? इथं कोणाला या खेळातलं आतलं माहीत असेल तर लिहा. लेक म्हणतेय मला शिकायचंय. तिला हो म्हणताना मला खरं काय ते कळायला हवं.

नवीपेठ_७

ताई, छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. कट चुकला म्हणजे नेमकं काय? दंड होतो का?

टर्किश_टॉवेल

मी सांगतो. आधी माझा गोल्फशी संबंध काय ते सांगतो, म्हणजे अधिकार किती ते कळेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी बावीस वर्षं आहे. काही वर्षांपूर्वी एक्स्पोर्टची ऑर्डर आली, गोल्फ टॉवेल. लांबट, उभी तीन पदरी घडी, वरच्या बाजूला पितळी रिंग ठोकलेली आणि अडकवायला हूक. आम्हाला कळेना की अंग पुसायला एवढा अरुंद टॉवेल कशाला. खरेदीदारानं सांगितलं, हा बॅगेला लटकतो, स्टिक पुसायला. स्टिकच्या तोंडावर बारीक खाचा असतात. त्यात माती किंवा ओलं गवत अडकलं तर चेंडू पाहिजे तसा फिरत नाही, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पडून पुढं घरंगळतो. म्हणून प्रत्येक फटक्यानंतर कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, स्टिक पुसतो. त्या ऑर्डरपासून टीव्हीवर गोल्फ लागला की मी आधी बॅगेला टॉवेल कुठला आहे ते बघतो, मग खेळ.

आता कट. स्पर्धा तीन किंवा चार दिवसांची, रोज १८ होल, म्हणजे १८ खड्ड्यांत चेंडू घालायचा, ज्याचे फटके कमी तो वर. सुरुवातीला शंभराच्या वर खेळाडू. साधारण दोन दिवस झाले की एक रेघ मारतात, वरचे साठ-पासष्ट आत, बाकीचे घरी. ती रेघ म्हणजे कट. तो चुकला की त्या आठवड्याचं बक्षीस शून्य. दंड नाही, पण विमानाचं तिकीट, हॉटेल, खाणं, कॅडीचा आठवड्याचा पगार हे सगळं आपल्याच खिशातून गेलेलं असतं. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालात तरी मॅच फी मिळते. इथं दोन दिवस खेळून एका फटक्यानं रेघेखाली गेलात तर काहीच हाती लागत नाही.

म्हणूनच घरातलं माणूस बॅग उचलतं. अदिती अशोकची रिओला बॅग वडिलांनी उचलली, टोकियोला आईनं. दीक्षाचे वडील तिचे कोचही आणि कितीतरी स्पर्धांत कॅडीही. त्यात माया आहेच, पण खर्चाचा हिशेबही आहे.

नवीपेठ_७

धन्यवाद काका. टॉवेलची माहिती नवीनच. आपल्या सोलापूरचा टॉवेल तिथवर जातो हे वाचून बरं वाटलं.

सुभेदार_बार्शी

जय हिंद. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली सहा स्टेशनच्या गोल्फ ग्राउंडच्या देखरेखीवर. दीक्षाचे वडील कर्नल नरिंदर डागर, म्हणजे ती फौजी मुलगी. शुभंकर शर्माचे वडीलही कर्नल. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, त्याचे वडील फौजेत डॉक्टर. ज्योती रंधावाचे वडीलही फौजेतले. हा योगायोग नव्हे. छावणी तिथं बहुधा गोल्फचं मैदान असतं आणि अधिकाऱ्यांच्या मुलांना ते परवडतं. बदली झाली तरी पुढच्या गावी मैदान मिळतं. संध्याकाळी वडील खेळायला निघाले की पोर मागं मागं जातं आणि तसंच शिकतं.

दुसरी वाट कॅडींची. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर माळी, म्हणजे ग्रीन राखणारे. पोरगा तिथंच वाढला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. साहेबाचं पोर आणि बॅग उचलणाऱ्याचं पोर, दोघं एकाच गवतावर तयार झाली. आपल्यासारखे मधले लोक त्या कुंपणाच्या आत कधी गेलेच नाहीत, हे माझं निरीक्षण. ताई, तुम्ही या दोन्हींत बसत नाही, हे आधी मनाशी धरा. वाट नाही असं म्हणत नाही, पण ती तुम्हाला काढावी लागेल.

उजनीकाठ

सर्वांचा मान ठेवून स्पष्ट लिहितो. आपल्या शहरात चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी भरली तरी आपल्या नळाला धार नाही. अशा गावात हिरवळ राखायच्या खेळाची चर्चा मला पटत नाही. दुसरं म्हणजे खर्च. सामान्य घरातल्या मुलीला या वाटेला लावून चार वर्षांनी "कट चुकला" ऐकायचं असेल तर घर बसेल. कर्णबधिर मुलांनी नेमबाजी, बॅडमिंटन, कुस्ती यात नाव काढलंय. पैलवान वीरेंद्र सिंगनं डेफलिंपिकमध्ये सुवर्णं आणली. कुस्ती तर आपल्या मातीतली. तालमीत फी किती असते?

जुळेसोलापूर_आई

उजनीकाठ दादा, राग नाही. तुम्ही जे विचारताय तेच घरी ह्यांनी विचारलं. ह्यांची नोकरी खासगी, मी शिवणकाम करते. इथं मैदान करा असं मी म्हणत नाहीये, पाण्याची किंमत मला घागरीनं माहीत आहे. कुस्तीचंही खरं, पण इम्प्लांट असलेल्या पोरीला डोक्यावर आपटायचा खेळ डॉक्टरांनी सरळ नको म्हणून सांगितलाय. कातडीच्या आत लोहचुंबक आणि यंत्र असतं, मार बसला तर पुन्हा ऑपरेशन.

आणि तिला काय आवडलं ते तिच्याच शब्दांत सांगते. म्हणाली, "यात चेंडू गप उभा असतो. मी मारल्याशिवाय हलत नाही. कुणी ओरडून सांगत नाही." मग मी तिला तुमचा मुद्दा कसा समजावू?

वाचाश्रवण

मी गेली सोळा वर्षं कर्णबधिर मुलांबरोबर काम करते, म्हणून लिहायला हवं.

मुलीचं वाक्य बरोबर आहे. बहुतेक मैदानी खेळांत आवाज हाच हुकूम असतो, शिट्टी, पिस्तूल, मागून आलेली हाक. गोल्फमध्ये फटक्याच्या वेळी सगळे मुद्दाम गप्प राहतात. म्हणून ऐकू येणारा आणि न येणारा तिथं बराच जवळ येतो. पण अगदी सारखे होत नाहीत, हेही सांगते. चेंडू स्टिकच्या बरोबर मध्यावर लागला की एक भरीव आवाज येतो, कडेला लागला की फुटका. मुरलेले खेळाडू त्यावरून फटका ओळखतात. इम्प्लांटमधून तो आवाज वेगळा पोचतो, आणि उघड्यावर वारा असला की मायक्रोफोनमध्ये नुसतं घोंघावतं. त्या पोरीला मनगटात, बोटांत बसलेल्या झटक्यावरून तेच शिकावं लागतं. हात फार हुशार होतात त्यांचे.

तोल हा दुसरा मुद्दा. तोलाचा अवयव कानाच्या आतच असतो. जन्मतः तीव्र श्रवणदोष असलेल्या पुष्कळ मुलांचा तोल थोडा कच्चा असतो, अंधारात किंवा डोळे मिटून उभं राहताना डुलतात. गोल्फमध्ये पाय रोवून सगळं अंग फिरवायचं. आधी तिची तपासणी करून घ्या, कच्चा असेल तर व्यायामानं पुष्कळ सुधारतो.

आणि डेफलिंपिकचा नियम पुष्कळांना माहीत नसतो. बऱ्या कानातही किमान ५५ डेसिबलचा दोष लागतो, आणि स्पर्धा चालू असताना कुठलंही श्रवणयंत्र लावायचं नाही. म्हणजे ही मुलगी टूरवर मशीन लावून ऐकणाऱ्यांशी खेळते, आणि डेफलिंपिकला मशीन काढून, पूर्ण शांततेत. एकाच खेळाडूला दोन वेगळ्या जगांत तोच फटका मारायचा. ऑलिंपिक आणि डेफलिंपिक दोन्हीकडं खेळलेली ती पहिली गोल्फर आहे, यातलं अवघडपण मला तरी इथं दिसतं.

तुमची लेक रागावली की मशीन डबीत ठेवते, असं लिहिलंत. तिला हे जरूर सांगा की दीक्षा मशीन काढून सुवर्ण जिंकली. काढणं म्हणजे दर वेळी हार नसते.

जुळेसोलापूर_आई

वाचाश्रवण ताई, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. शेवटची ओळ तिनं स्वतः दोनदा वाचली.

हुतात्मा_डबा४

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात नोकरी, दर शुक्रवारी रात्री गावाकडं आणि सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसनं परत. पुण्यात तीन वर्षं रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, जातोय. खेळाडू म्हणण्यासारखा नाही, पण शिकतोय.

ताईंनी विचारलेल्या त्या चार वर्षांबद्दल. मला वाटतं बाहेरून बघताना आपण क्रमांक बघतो, तिथं आतमध्ये फरक एकेका फटक्याचा असतो. टोकियोचंच घ्या. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. त्याच संध्याकाळी नीरजचं सुवर्ण आलं, म्हणून सकाळचं पुष्कळ जण विसरले. अदिती अशोक चार दिवसांत पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, १५ फटके कमी खेळली, कांस्य १६ ला गेलं. ७२ होल, अडीचशेच्या वर फटके, आणि एक कमी पडला. तिचा पटर (ग्रीनवर चेंडू होलकडं ढकलायची स्टिक) दहा-बारा फुटांवरून चेंडू आत घालत होता. होलची रुंदी १०८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या बशीपेक्षाही लहान. चेंडू कडेवरून फिरून बाहेर येतो तेव्हा खेळाडूनं काही चूक केलेली नसते. पुढच्या आठवड्यात तोच चेंडू आत पडतो आणि पेपरवाले लिहितात "फॉर्म परतला".

दीक्षाच्या २०१९ ते २०२३ मध्ये हेच झालं असणार असं मला वाटतं. फटके आधीचेच, फक्त आठवड्याला दोन-तीन कमी झाले. आठवड्याला दोन फटके वाचवायला चार वर्षं लागतात, एवढा हा खेळ चिवट आहे. आणि त्या २०२३ मध्ये ती युरोपच्या टूरच्या वर्षाच्या क्रमवारीत तिसरी आली. म्हणजे चेकची स्पर्धा नशिबानं लागलेली नव्हती.

पैशाबद्दल उजनीकाठ दादांचं बरोबर आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला आज टूरचा खर्च नाही. आज लागतो एक सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या तोंडाची स्टिक, एक बादली चेंडू आणि दाखवणारा माणूस. पहिलं वर्ष एका स्टिकवर निघतं. नियमानं बॅगेत जास्तीत जास्त चौदा ठेवता येतात, म्हणून दुकानदार चौदांचा सेट गळ्यात मारतात. घेऊ नका. अडचण दुसरीच आहे. ती डावखुरी आहे. जुन्या बाजारात उजव्या हाताच्या स्टिका ढिगानं मिळतात, डाव्याची शोधत फिरावं लागतं. लहान मुलीच्या मापाची तर फारच. कोणी "उजव्यानं शिकव, सवय होईल" म्हणालं तर घाई करू नका, आधी तिला दोन्हीनं मारू द्या.

अवांतर: आपल्या महाराष्ट्राचा उदयन माने पुण्यातच खेळून टोकियोला गेला. त्यालाही जागा कोणीतरी माघार घेतल्यावर मिळाली. ऑलिंपिकला पुरुषांत आणि महिलांत प्रत्येकी साठच खेळाडू असतात, म्हणून दारात उभं राहण्याला या खेळात फार किंमत आहे. दीक्षाही तशीच दारात उभी होती, म्हणून बोलावल्यावर जाता आलं.

टर्किश_टॉवेल

हुतात्मा, शेवटचं फार बरोबर. त्यात एक भर. पॅरिसला २०२४ मध्ये स्पर्धेच्या आधी तिच्या गाडीला अपघात झाला. ती सुखरूप होती, आईला लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. तरी ती खेळली, ४९ वी आली. तो ४९ आकडा बघून कोणी नाक मुरडलं की मला राहवत नाही. आई दवाखान्यात आणि आपण पटर घेऊन ग्रीनवर. माझी आई सिव्हिलला होती तेव्हा मला लूमवर साधी गाठ मारता येत नव्हती.

उजनीकाठ

हे माहीत नव्हतं. इम्प्लांट असलेल्यांनी कुस्ती खेळू नये हेही लक्षात आलं नव्हतं, माझी सूचना मागं घेतो. खर्चाबद्दलची काळजी मात्र तशीच आहे.

सुभेदार_बार्शी

पाण्यावरून एक राहिलं. गोल्फला हिरवळच लागते असं नाही. राजस्थान-मध्य भारतातल्या छावण्यांत आम्ही ग्रीनच्या जागी "ब्राउन" करायचो. बारीक वाळू चाळायची, तिच्यात जळकं तेल मिसळायचं, म्हणजे ती उडत नाही आणि दबून बसते. होलभोवती गोल थर द्यायचा. खेळाडूनं पट मारून झाला की दांड्याला बांधलेलं गोणपाट ओढून वाळू पुन्हा सपाट करायची, पायाचे ठसे मोडायचे. मी ते गोणपाट सहा वर्षं ओढलंय. त्यावर चेंडू गवतापेक्षा सरळ पळतो. पाणी शून्य.

सरावाला एवढंही नको. मागच्या अंगणात दोन बांबू रोवून मासेमारीचं जुनं जाळं दुहेरी टांगा, खाली नारळाच्या काथ्याची चटई. चेंडू जाळ्यात अडकतो. वजन ४६ ग्रॅमच्या आतबाहेर, पण खडा लागावा तसा लागतो, तेव्हा जाळं ढिलं सोडा, ताणू नका, ताणलं की उलटा येतो. आणि जाळ्यामागं कोणी उभं राहायचं नाही, हे तिला डोळ्यांनी दिसेल असं लाल कापड बांधून सांगा. हाक मारून उपयोग नाही.

वाचाश्रवण

काका, लाल कापडाची युक्ती मी शाळेत वापरणार.

जुळेसोलापूर_आई

सुभेदार काका, जाळ्याचं घरी सांगितल्याबरोबर हे उठून मोजमाप घ्यायला गेले. दोन दिवस गप्प होते ते. आमचं अंगण बारा फूट बाय अठरा. पुरेल का?

आणि मी स्वतःशी काय ठरवलं ते लिहिते. ती दीक्षा होईल म्हणून मी हो म्हणत नाहीये. दोन वर्षं तिचे निकाल वाचून मला एवढं कळलं की शुक्रवारी कट चुकला तरी ती मुलगी पुढच्या आठवड्याच्या यादीत असते. नाव पुन्हा वर येतं. खो-खोच्या त्या दिवसानंतर आमच्या लेकीचं नाव कुठल्याच यादीत आलेलं नाही. मला तिचं नाव एखाद्या यादीत बघायचंय, शेवटून पहिली असली तरी.

सुभेदार_बार्शी

बारा बाय अठरा भरपूर. पण फटक्याच्या मागं स्टिक फिरायला सहा फूट मोकळे सोडा आणि वर तुळशीची फांदी, कपड्याची तार काही नको. मी पुढच्या रविवारी सोलापुरात नातवाकडं येतोय, बांबू मी रोवून देतो. जाळं तेवढं मिळवा.

नवीपेठ_७

जाळं माझ्याकडं. होटगी तलावावर मासे धरणारे ओळखीचे आहेत, जुनं फाटकं देतात ते. दुहेरी केलं तर चालेल ना?

हुतात्मा_डबा४

मी इथं रेंजवर विचारून ठेवलं होतं. एका बाईंच्या मुलाची डाव्या हाताची सात नंबर आहे, मुलगा उंच झाला म्हणून पडून आहे. ग्रिप जुनी झालीय, रबर गुळगुळीत झालंय, ती मी बदलून आणतो. पैसे नको म्हणाल्या. ताई, लेकीची उंची आणि ताठ उभी राहिल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप, दोन्ही सेंटिमीटरमध्ये कळवा. लांब असली तर दांडा कापून घेता येतो. शुक्रवारी रात्री आणतो, शनिवारी सकाळी सात रस्ता चौकात भेटू.

टर्किश_टॉवेल

माझ्याकडं त्या ऑर्डरमधला एक पीस आहे. रिंग जरा वाकडी बसली म्हणून चेकिंगमध्ये बाजूला काढला होता, कपडा एक नंबर. शनिवारी मीही येतो सात रस्ता चौकात.

जुळेसोलापूर_आई

उंची १४६. मनगटापासून जमीन ६९. आत्ताच मोजलं, टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. शनिवारी किती वाजता? ऊन चढायच्या आत म्हणजे सातला जमेल का सगळ्यांना?